बहिणीच्या हाताची गाडी

माझी धाकटी बहीण गाडीबद्दल बोलायला लागली की ऐकणाऱ्याला वाटायचं, नणंदेबद्दल बोलतेय. ‘वळ म्हटलं की आधी तोंड वाकडं करते.’ ‘वळणातून बाहेर पडताना मागून उधळते.’ ‘आज फारच गोड वागतेय रे दादा, पुढे नक्की काहीतरी करणार.’ गाडी म्हणजे हातभर लांबीची, रिमोटवर चालणारी रेसची गाडी. ते खेळणं नाही, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली, आणि आता मी सांगायचं सोडून दिलं आहे. दुकानातून आणलेलं खेळणं जसं असतं तसंच राहतं. या गाडीचं एकूण एक अंग सोडवता येतं, वर-खाली करता येतं, मऊ-कडक करता येतं. पन्नाशीला टेकलेल्या भावाबहिणीने दर रविवारी हेच करत बसावं, हे माझ्या बायकोला कधी पटलं नाही. ‘लहानपणी दोघांना काही मिळालं नाही, ते आत्ता बाहेर पडतंय,’ असं ती म्हणायची. कल्याणच्या चाळीत आमच्या वाट्याला सायकलचा जुना टायर आणि एक काठी एवढंच होतं, त्यामुळे मला तिच्याशी वाद घालता यायचा नाही.

गाडी मुळात भाच्याची. त्याने हौसेने घेतली, काही महिने फिरवली, मग तो शिकायला बंगळुरूला गेला आणि गाडी डोंबिवलीच्या घरात माळ्यावर जाऊन बसली. दिवाळीच्या साफसफाईत बहिणीने खोकं खाली काढलं आणि मला फोन केला, ‘दादा, ही विकायची कुठे रे?’ विकण्याआधी चालते का ते बघू म्हणून मी बॅटरी चार्ज केली. तिने रिमोट हातात घेतला आणि सोसायटीच्या आवारात, उभ्या केलेल्या स्कूटर्सच्या मधून, गाडी एकदाही कुठे न घासता फिरवून आणली. पहिल्यांदाच. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. ती म्हणाली, ‘विकायची नाहीये.’

मला म्हणाल तर चालवणं कधीच जमलं नाही. माझ्या हातात रिमोट दिला की पहिल्या वळणावर गाडी कुंपणात. पण कोलशेतच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं रबर तपासलं आहे. रबराचा तुकडा नखाने दाबून तो उन्हात किती मऊ पडेल ते मी सांगू शकतो. त्यामुळे कामाची वाटणी आपोआप झाली. ती चालवायची, मी जुळवायचो. तिने स्क्रू-ड्रायव्हरला हात लावायचा नाही आणि मी तिला ‘ब्रेक जरा आधी मार’ वगैरे शहाणपण शिकवायचं नाही. हा करार आम्ही कधी बोलून केला नव्हता.

आमच्यासारखे हौशी पंधरा-वीस जण होते, आणि रेसच्या जागा तीन. खडवलीला स्टेशनपासून थोडं आत एका शेतकऱ्याचं पडीक रान होतं. तिथे आम्ही मातीचा ट्रॅक केला होता आणि चालवणाऱ्यांना उभं राहायला बांबूचं मचाण बांधलं होतं. कोलशेतला एका बंद कारखान्याचं सिमेंटचं आवार मिळायचं. आणि नौपाड्यात एक छोटा हॉल होता, तिथे कार्पेट अंथरून रेस व्हायची. तिन्ही जागी गाडी एकच, पण प्रत्येक जागी ती निराळी वागते. मातीवर तिला उंच ठेवायची, शॉकअपमध्ये पातळ तेल घालायचं, खड्ड्यातून उठून तिला लगेच सावरता आलं पाहिजे. टायर काटेरी. सिमेंटवर ती खाली बसवायची, तेल घट्ट, टायर जवळजवळ गुळगुळीत. कार्पेट सगळ्यांत लबाड. पकड इतकी, की जोरात वळवलं तर गाडी घसरत नाही, सरळ कुशीवर पडते. म्हणून तिथे पुढच्या टायरची पकड मुद्दाम मारावी लागते. नौपाड्याच्या हॉलमध्ये आदल्या दिवशी कुणाचा तरी साखरपुडा किंवा लग्न झालेलं असायचं. झाडताना राहिलेल्या अक्षता रविवारी आमच्या टायरच्या काट्यांत सापडायच्या, आणि मी त्या चिमट्याने एकेक काढत बसायचो.

रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपली की बहीण तशीच पांढऱ्या साडीवर निघायची. खडवलीच्या तांबूस मातीत पांढरी साडी नेसून यायचं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. मचाणावर चढताना पदर खोचायची, चप्पल खालीच काढून ठेवायची. आधी तीन फेऱ्या मारायची, चौथी नाही. खाली उतरून एक वाक्य सांगायची आणि चहा प्यायला जायची. ते वाक्य मी कागदावर जसंच्या तसं उतरवायचो आणि त्याच्यासमोर आपण काय बदललं ते लिहायचो. बाकीची पोरं मोबाइलमध्ये इंग्रजीत काय काय भरायची. आमच्या कागदावर असायचं, ‘मागून उधळते: मागचं तेल बदललं.’ ‘खड्ड्यात धापा टाकते: दोन मिलिमीटर वर.’ पोरं हसायची. पण तिच्या एका वाक्यात मला कुठला स्क्रू किती फिरवायचा ते कळायचं. मी बदल करून गाडी तिच्यापुढे ठेवायचो, ती पुन्हा तीन फेऱ्या मारून यायची आणि नुसती मान हलवायची. तसं सुख मला कारखान्यातल्या तीस वर्षांत कुणी दिलं नाही.

एका रविवारी नौपाड्याला ती तीन फेऱ्यांनंतर खाली आली आणि म्हणाली, ‘आज गाडी बावचळलीय.’

मी सगळं तपासलं. चाकं फिरवून बघितली, पुढचा दांडा हलवून बघितला, बॅटरीची वायर बघितली. गाडी ठणठणीत होती. मी तिला परत वर पाठवलं आणि बघत उभा राहिलो. सरळ पट्ट्यावर गाडी बारीक बारीक डावी-उजवी होत होती. मग माझी नजर गाडीवरून उठून हॉलच्या टोकाला असलेल्या स्टेजवर गेली, जिथे बहीण उभी होती. या रिमोटला बाजूला एक छोटं चाक असतं, ते बोटांत धरून फिरवायचं. त्या चाकावर ठेवलेला तिचा अंगठा आणि पहिलं बोट हलत होतं, जपमाळ ओढावी तसं. खाली येऊन तिने पाण्याची बाटली घ्यायला तोच हात पुढे केला, तेव्हा तो स्थिर होता.

रिमोटच्या छोट्या स्क्रीनवर एक आकडा असतो. तो शून्यावर असला की चाक जेवढं हलेल तेवढी गाडी हलते. आकडा वाढवत नेला की चाकाच्या मधोमध होणाऱ्या बारीक हालचाली गाडी मनावर घेत नाही. कार्पेटवर गाडी तिखट होते म्हणून सगळेच तो थोडा वाढवतात, आम्हीही दहावर ठेवायचो. त्या दिवशी मी तो अठरा केला. स्क्रीनकडे ती कधी बघायची नाही. ‘ते आकडे तू बघ, मला चाक पुरे,’ असं म्हणायची. तिने तीन फेऱ्या मारल्या. गाडी सरळ गेली.

‘काय केलंस रे?’

‘पुढचे टायर बदलले,’ मी म्हणालो.

आयुष्यात मी तिच्याशी खोटं बोललो नव्हतो असं नाही. आईचं दुखणं किती वाढलंय ते आम्ही एकमेकांपासून लपवलं होतं. पण गाडीबद्दल खोटं बोलायची ती पहिली वेळ.

पुढच्या वेळी खडवलीला आकडा परत शून्यावर आणायला हवा होता. मातीवर चाकाची बारीकशी हालचालही गाडीला कळायला हवी असते, कारण घसरत चाललेली गाडी क्षणात सावरावी लागते. मी आकडा तसाच ठेवला. पुढच्या महिन्यात बावीस केला, मग सव्वीस. ती म्हणायला लागली, ‘हल्ली गाडी माझं ऐकते, पण उशिरा ऐकते.’ मी म्हणायचो, माती कोरडी आहे. कधी म्हणायचो, तेल जुनं झालंय. मग तो उशीर भरून काढायला मी बाकीची गाडी तिखट करत गेलो. पुढचे टायर आणखी मऊ घेतले, मागची पकड कमी केली, वजन अर्धा इंच पुढे सरकवलं. रिमोटच्या चाकाच्या मधोमध मंद आणि दोन्ही टोकांना चपळ अशी गाडी मी बनवली. तसं काम मी आधी केलं नव्हतं, पुन्हा होणारही नाही. सांगायला लाज वाटते, पण त्या वर्षी आम्ही सगळ्यांत चांगले धावलो. कोलशेतच्या सिमेंटवर तर ती दुसरी आली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, ‘दादा, तुझ्या हातात जादू आहे.’ मी कागदावर काहीतरी खरडत राहिलो.

मी तिला सांगितलं का नाही, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. अशक्तपणा असेल. चहा फार पिते. या वयात बायकांचं असं होतंच. रविवार हा तिचा एकच दिवस, तो कशाला नासवा. सगळी कारणं तिच्या भल्याची. खरं कारण एकच होतं. तिने रिमोट खाली ठेवला असता तर माझा रविवार संपला असता.

ती डोंबिवली पूर्वेला एका चष्म्याच्या दुकानात कामाला. चष्म्याच्या काड्यांना तिळाएवढे स्क्रू असतात, ते बसवायचं काम तिचं, आणि त्या कामात तिचा हात धरणारं दुकानात कुणी नव्हतं. त्या वर्षात ती स्क्रूंच्या नावाने कुरकुरायला लागली. ‘हल्ली माल भिकार येतो. आटेच नीट पाडलेले नसतात.’ मी म्हणायचो, हो, सगळीकडे तेच चाललंय. एकदा मालकाने तिला टेबलावरून उठवून काउंटरवर बसवलं. त्याचाही तिला राग आला. मालकाला माणसाची पारख नाही, असं तिचं म्हणणं पडलं. मी तेव्हाही मालकालाच नावं ठेवली.

शेवटी एका सकाळी तिच्या हातून चष्म्यांचा आख्खा ट्रे पडला. तिने संध्याकाळी फोन केला. ‘दादा, नौपाड्यात एक मेंदूची डॉक्टर आहे म्हणे. तू येशील का सोबत? ह्यांना आत्ता सांगत नाही, उगाच टेन्शन घेतील. तसं काही नसणारच.’

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता, खाली साड्यांचं दुकान. डॉक्टर पस्तिशीची, शांत. तिने बहिणीला बोटं चुटकीसारखी उघडझाप करायला लावली, कागदावर गोल गोल काढायला लावलं, खोलीत चालायला लावलं. चालताना बहिणीचा उजवा हात अंगाशी धरल्यासारखा राहिला, ते माझ्याही लक्षात आलं. मग खुर्चीत बसवून डॉक्टरने विचारलं, ‘हे साधारण कधीपासून आहे?’

‘दोन महिने झाले असतील,’ बहीण म्हणाली. ‘त्याच्या आधी काहीच नव्हतं.’

‘नक्की? आठवून सांगा. कधीकधी आपल्या लक्षात येत नाही.’

‘नाही हो, माझ्या लक्षात आलंच असतं.’ ती हसली. ‘मी रेस खेळते. रिमोटच्या गाड्यांची. हात एवढासा हलला तरी गाडी लगेच दाखवते. दुकानात जरा शंका यायची ना, तर मी रविवारची वाट बघायचे. रविवारी गाडी सरळ गेली की मी समजायचे, हात ठीक आहे, स्क्रूच भिकार आहेत. तसं वर्षभर मी दर रविवारी बघतेच आहे. हो की नाही रे दादा?’

डॉक्टर लिहायला लागली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. मला वाटत होतं, मी गाडीची काळजी घेतोय, फार तर तिच्या हौसेची. ती गाडीवर आपला हात तपासून बघत होती, आणि दर रविवारी मी तिला खोटा रिपोर्ट देत होतो.

‘चौदा महिने,’ मी म्हणालो.

दोघींनी माझ्याकडे बघितलं. डॉक्टरने विचारलं, ‘तुम्हाला कसं माहीत?’

मग मी त्या बाईंना रिमोटमधला आकडा समजावून सांगितला. दहाचा अठरा कधी केला, अठराचा बावीस कधी, सव्वीस कधी, आता तो अडतीसवर कसा आहे. सगळं तोंडपाठ होतं. डॉक्टरने ते आकडे खरोखर लिहून घेतले. एकदा तर म्हणाली, ‘हे फारच उपयोगी आहे.’ माझा सगळा जन्म उपयोगी माहिती देण्यात गेला, पण एवढी शरम मला कधी वाटली नव्हती. बहीण माझ्याकडे बघत नव्हती. तिने उजवा हात डाव्या हातात धरून मांडीवर ठेवला होता.

कंपवाताची सुरुवात आहे, असं डॉक्टरने सांगितलं. गोळ्या आहेत, व्यायाम आहे, घाबरायचं कारण नाही, बरीच वर्षं नीट काढता येतात. लवकर आला असतात तर एवढं वर्ष तुम्हाला ओढाताण करावी लागली नसती, एवढंच ती म्हणाली. रागावून नाही म्हणाली.

खाली रस्त्यावर आलो. मी रिक्षाला हात केला, तर बहीण म्हणाली, ‘तू जा. मी स्टेशनला चालत जाते.’

‘अगं, ऐक तरी...’

‘दादा, मला तुला काही विचारायचंच नव्हतं. मी गाडीला विचारत होते. तू तिला पण खोटं बोलायला लावलंस.’

ती चालायला लागली. तिचा उजवा हात झुलत नव्हता आणि डावा झुलत होता. साड्यांच्या दुकानासमोर मी उभा राहिलो, रिक्षावाला ‘बसताय का काका?’ म्हणून निघून गेला.

त्यानंतर आम्ही बोलायचं बंद केलं असं कुणाला वाटेल. तसं काही झालं नाही. भाऊबीजेला ती आली, तिने ओवाळलं. तिच्या गोळ्यांच्या वेळा मला पाठ आहेत. भाच्याच्या नोकरीचं, तिच्या नवऱ्याच्या गुडघ्याचं, भाज्यांच्या भावाचं, सगळं आम्ही फोनवर बोलायचो. फक्त गाडीचं नाव ती काढायची नाही, आणि मी काढायला धजायचो नाही. तिने दुकान सोडलं तेही मला तिच्या नवऱ्याकडून कळलं.

गाडी माझ्याकडे होती. दोन-तीन रविवार मी घरी बसलो, मग बायकोच म्हणाली, जा बाबा, घरात तोंड पाडून बसू नकोस. मी गाडी घेऊन खडवलीला गेलो. तिथे एक चांगला पोरगा आहे, कल्याणचा, तिशीतला, त्याने आपणहून विचारलं, ‘काका, मी चालवू का तुमची?’ हात उत्तम. तीन फेऱ्या मारून खाली आला. मी कागद-पेन घेऊन उभा.

‘एकदम मक्खन आहे काका. काहीच चेंज करू नका.’

‘मागून उधळत नाही ना?’

‘नाय हो. परफेक्ट.’

मी कागदाची घडी करून खिशात ठेवली. तो खोटं बोलत नव्हता. गाडी त्याला छानच वाटली असणार. पण मला ती तक्रार हवी होती. सकाळी ट्रॅकवर पाणी मारलं की मी बोटाने माती दाबून बघायचो आणि वर बघायचो, मचाणावर पांढरी साडी दिसते का. सवयीने. डोंबिवली काही सातासमुद्रापार नाही, फोन केला तर दुसऱ्या रिंगला ती उचलते, आणि तरी माझी बहीण मला भेटेनाशी झाली होती. ओल्या मातीसाठी ठेवलेल्या टायरचा डबा उघडला की मी तसाच मिटून ठेवायचो. आईसाठीसुद्धा मी एवढा झुरलो नाही, कारण आई गेली होती. ही होती, आणि मीच तिला घालवली होती.

असे बरेच महिने गेले. मग एका गुरुवारी तिचा फोन आला. गोळ्या बदलल्याचं सांगितलं, पाणी दोन दिवस नव्हतं ते सांगितलं, आणि ठेवता ठेवता म्हणाली, ‘रविवारी खडवलीला गाडी घेऊन ये. सकाळी, बाकीचे यायच्या आधी.’

मी इतका आधी पोचलो की शेतकऱ्याची बायको मला बघून बिचकली. आदल्या दिवशी ट्रॅक नव्याने सारवल्यासारखा केला होता, वर कुणाच्याच चाकाची खूण नव्हती. बहीण आली. सलवार-कमीजमध्ये होती, पायात बूट. बारीक झाली होती. तिने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

‘आकडा किती आहे?’

‘अडतीस. तसाच आहे.’

‘शून्य कर.’

मी केला. तिने पर्समधून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि स्क्रीन स्वतः बघितली. मग मचाणावर न चढता ती सरळ पट्ट्याच्या एका टोकाला उभी राहिली. मी गाडी तिच्या पायाशी ठेवली. तिने ती सावकाश सोडली, रेससारखी नाही, पोराला चालायला शिकवतात तशी. मातीवर चाकांची रेघ उमटत गेली. ती सरळ नव्हती. मांजा गुंडाळताना रीळ कसं डावं-उजवं होतं, तशी ती या कडेला त्या कडेला होत गेली, पार शेवटपर्यंत. गाडी थांबली. बहिणीने रिमोट माझ्या हातात दिला आणि ती रेघेच्या शेजारून चालत निघाली, रेघेवर पाय पडणार नाही असं बघत. मी मागे मागे.

टोकाला पोचल्यावर ती वळली आणि आख्ख्या रेघेकडे बघत राहिली.

‘एवढा हलतो होय,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘आणि तेव्हा? पहिल्यांदा तुला दिसला तेव्हा केवढा हलायचा रे?’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. सगळे आकडे मला पाठ होते, तारखेसकट. पण ती आकडा विचारत नव्हती. तिला तिचा हात बघायचा होता, तेव्हाचा, थोडासाच हलणारा, आणि तो मी एकदाही शून्यावर धावू दिला नव्हता. कार्पेटवर रेघ उमटत नाही. आणि उमटणाऱ्या जागी मी ती दर वेळी सरळ करून टाकली होती.

‘नाही सांगता येणार,’ मी म्हणालो. ‘मी बघितलंच नाही. मी गाडी सरळ जाते का तेवढंच बघत होतो. चुकलं माझं. तुझे चौदा महिने मी खाल्ले.’

नदीच्या बाजूने कुणीतरी गुरं हाकत होतं. मला वाटलं, आता ती पर्स उचलून निघेल.

‘रेस मी नाही खेळणार आता,’ ती म्हणाली. ‘तू त्या पोराला दे गाडी. पण महिन्यातून एकदा ही अशी आण. शून्यावर. गोळी लागू पडतेय की नाही ते मला कळलं पाहिजे. टेप आहे ना तुझ्याकडे?’

होती. गाडीची उंची मोजायची छोटी टेप पेटीत कायम असते. रेघ सगळ्यांत जास्त वाकलेली जागा तिने बोटाने दाखवली. आम्ही दोघं मातीत उकिडवे बसलो. एक टोक तिने डाव्या हाताने धरायला घेतलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, सोडून उजव्या हातात घेतलं. दुसरं माझ्याकडे. ती रविवारी पुन्हा माझ्या शेजारी गाडीपाशी बसली होती, याच्याचसाठी मी इतके महिने झुरलो होतो, आणि आम्ही हे मोजत होतो.

तिच्याकडचं टोक थरथरत होतं. पूर्वीचा मी असतो तर ते थांबेपर्यंत थांबलो असतो, नाहीतर तिच्या नकळत माझ्याकडून ताणून धरलं असतं. मी टेप सैलच ठेवली. आकडा हलतच होता, तसाच मी तो वाचला आणि तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितला.